दयारामचा प्रबंध आणि घरचाच मांडव

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बी.ए. व्हायचं दयारामने ठरवलं ते काही विद्येच्या ओढीने नव्हे. अलिबागच्या कचेरीत हेडक्लार्कची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्यात बसायला पदवी लागत होती. (बसण्याचा वीस वर्षांचा अनुभव गाठीला होता, पण तो कुणी धरेना.) त्यात या पठ्ठ्याने सासुरवाडीत आधीच पेढे वाटून टाकलेले. म्हणजे आता माघार नाही!

पेपर कसेबसे निघाले, उरला प्रबंध. विषय घेतला 'आगरी लग्नातले धवले'. धवलारीण बाई गाणी म्हणत लग्न लावते, ते धवले. घरचाच विषय, अभ्यासाची कटकट नाही! इंटरनेटवरून चाळीस पानं उचलून त्याने मार्गदर्शक सोनल मॅडमपुढे ठेवली. मॅडम वयाने लहान, पण नजर फौजदाराची.

"काका, पान सोळावर लिहिलंय, 'अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा'. कुठे करू?"

दयाराम ते पान उलटसुलट करून बघू लागला.

"धवलारणीच्या तोंडून ऐकून पूर्ण धवला लिहून आणा. सोमवारपर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पुढच्या वर्षी खुर्चीत भलताच कुणीतरी बसला असता. घरी येऊन त्याने बायकोला, गोदूला, सगळं सांगितलं.

"अहो, त्यात काय एवढं, मी..."

"तू मध्ये पडू नकोस. हे संशोधन आहे, कोलंबीचं कालवण नाही!" असं म्हणून स्वारी खारेपाटात मनुबाई धवलारणीच्या दारी हजर.

मनुबाईने कानावर हात ठेवले. "लगीन न्हाय तर धवला न्हाय. देवांना आवतन धाडायचं, नि ते आले की काय सांगू? याची परीक्षा हाय म्हनून बोलावलं?"

"मावशी, मी आणि माझी बायकोच बसलो मांडवात तर?"

मनुबाईने त्याच्या टकलाकडे बघून घेतलं. "बस. पन हलद खरी लागंल."

गोदू म्हणाली, "एकदा फसले ते पुरे नाही का?" पण नव्या साडीचं नाव निघताच तयार झाली.

घरच्या घरी, चार माणसांत उरकायचं होतं. पण मनुबाई भाचीला बोलली, "दयाराम लगीन करतोय," आणि भाचीने ते गावभर केलं. कुणाशी करतोय हे विचारायला कुणाला सवड होती? रविवारी सकाळी दारात दीडशे माणूस! अर्धे जेवायला आलेले, अर्धे मारायला. मेव्हणा निकेत तर काठी घेऊनच आला. नवरी आपलीच बहीण आहे हे बघितल्यावर काठी टाकून तो बेंजो पार्टी घेऊन आला.

मनुबाईने सूर लावला. बायकांनी दयारामला हळद-तेलाने नखशिखांत माखलं. त्याने मोबाईल काढला, पण तेलकट बोटांना स्क्रीन दाद देईना. बोटं धोतराला पुसली, तर धोतरही हळदीचंच.

"अरे, कुणीतरी रेकॉर्डिंग दाबा!"

"नवऱ्यानं बोलायचं न्हाय!" म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात विडा कोंबला. दीड तासात धवला संपला. मोबाईलमध्ये भोपळा.

"मावशी, परत म्हणा ना."

"परत? मंग तिसरं लगीन कर!"

माणसं जेवून पांगली. पिवळाधम्मक दयाराम पायरीवर बसला आणि त्याला खरंच रडू फुटलं. खुर्ची गेली, अब्रू गेली. आता सासुरवाडीत तोंड कसं दाखवायचं?

गोदूने वही-पेन पुढ्यात टाकलं. "रडणं झालं असेल तर लिहा." आणि पहिल्या ओळीपासून तिने सुरुवात केली. कुठे अडणं नाही की अडखळणं नाही.

दयारामचा आ वासलेला. "तुला कसं येतं हे?"

"माझी आजी येसूबाई धवलारीण होती. आपलं लग्न तिनेच लावलं. तुमचं लक्ष जिलेबीच्या ताटाकडे!"

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलू दिलंत?"

सोमवारी मॅडमनी वही वाचली आणि त्या खूश झाल्या. "काका, ही माहिती कुणी दिली?"

"बायकोने."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"चोवीस. कालचं धरलं तर... एक दिवस."

मॅडमनी शेरा लिहून वही मिटली. बाहेर येऊन दयारामने ती उघडली. आत लिहिलं होतं: "माहिती अत्यंत मौलिक. विद्यार्थ्याचा अडथळा फारसा जाणवत नाही. पास."