राऊतसरांचा अर्धा सिनेमा

राऊतसर सिनेमाला बसले की पडद्यावरच्या एकाही माणसावर विश्वास ठेवत नाहीत. नायिकेच्या वडिलांनी चहा अर्धा ठेवला, की सर माझ्या कानाशी लागणार, "हा माणूस बरोबर नाही." संशय फारच बळावला तर ते गुजरातीत शिरतात, "आ माणस बराबर नथी!" मग त्या पात्राची धडगत नसते.

आम्ही दोघं तलासरीच्या शाळेत शिकवतो, डहाणूहून एकाच एसटीने जातो. एखाद्या पोराची सगळी गणितं बरोबर आली, की सर आधी त्याच्या शेजाऱ्याची वही बघतात. चिकू घेतानाही एकेक दाबून, उलटासुलटा करून चौकशी. घोलवडची चिकूवाली एकदा म्हणाली, "सर, त्याला काय विचारता? मला विचारा ना!"

दर रविवारी ते सिनेमा गाठतात, कधीकधी मीही सोबत असतो. त्यांना खुनाचाच लागतो. परवाचा सिनेमा मी आधी पाहिलेला होता, तरी केवळ सरांसाठी पुन्हा जाऊन बसलो. पडद्यावर माळी गुलाबांना पाणी घालत होता.

"भर उन्हात झाडांना पाणी कोण घालतं?" सर कुजबुजले.

मागच्या रांगेतून आवाज आला, "काका, मग मेलेल्याच्या त्या भावाचं काय?"

"त्याच्यावरही नजर आहे!"

थोड्याच वेळात दोन्ही रांगा सरांकडे कान लावून बसल्या. आणि मध्यंतराचे दिवे लागताच सर उठून चालू पडले. नवा सिनेमा असला की नेहमी जातात, तसेच! शाळेत यावरून बरंच बोललं जायचं. वाणगावात त्यांचं दुसरं घर आहे, इथपर्यंत. मी मागोमाग निघालो. पुढच्याच वळणावर सर गर्रकन वळले.

"पाळत ठेवताय?"

"नाही... म्हणजे, सर, शेवट न बघता जाता कुठे?"

त्यांनी मला न्याहाळलं. "चला, दाखवतो."

घरी खिडकीपाशी पलंगावर वहिनी टेकून बसल्या होत्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, जीभ जड.

"हिची जेवणावरची वासनाच उडालीय," सर दारातच हळू आवाजात म्हणाले. "गोष्ट चालू असली की चार घास जातात. पण मला शेवट ठाऊक असला की माझ्या तोंडावर तिला तो दिसतो. मग ऐकतच नाही. म्हणून अर्धाच बघतो. उरलेला पुढच्या रविवारी. तोवर दोघं मिळून खुनी शोधतो."

त्यांनी पेजेची वाटी घेतली आणि सुरुवात केली. बंगला, गुलाब, माळी, भाऊ. वहिनींचे डोळे चमकले.

"भा...ऊ."

"भाऊ? अगं, तो तर ढसाढसा रडत होता!"

"खो...टं." एक चमचा पोटात गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही... पाहिलात?"

सरांचा चमचा हवेतच थांबला.

"पाहिला, पण मध्यंतरानंतर मला झोप लागली, वहिनी," मी म्हणालो.

वहिनींनी मला नखशिखान्त पाहिलं.

"ह्यांना... माहीत... आहे."

"मलाही तसंच वाटतंय," म्हणत सरांनी चमचा पुढे केला. माझ्यावरची नजर न काढता वहिनींनी तोंड उघडलं.