उत्तममामांचा चौथा आवाज

लग्नात आमच्या बँडचं गाणं रंगात आलं की उत्तममामा स्टेजवर चढतात. नाचायला नाही, आहेर द्यायलाही नाही. माझ्या गिटारवरचं बटन फिरवायला.

वसमतला मामांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरता भरता त्यांनी एकदा गिटारचा पिकअपच भरला. पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. तारांची थरथर तोच स्पीकरकडे पोचवतो. बाजारातला पिकअप एक-दोन आवाज देतो, मामांचा बटन फिरवलं की पाच. "एका गिटारीत पाच गिटारी बसवल्या, लेका!" हे ते भेटेल त्याला सांगतात, तेही उभ्यानेच. मामा बसलेले मी कधी पाहिले नव्हते. चहासुद्धा दुकान ते रस्ता अशा फेऱ्या मारत पितात.

हा पिकअप कुणी ठेवून घेतला नाही. माझ्या गिटारमध्ये आहे, कारण दुरुस्तीला दिली तेव्हा त्यांनी न विचारता बसवला. कळमनुरीच्या बँड पार्टीने एक नेला, तो आठवड्यात परत आणला. "मामा, लोक नाचून राहिले अन् मी बटन कुठं शोधत बसू?" त्यांचंही खरंच होतं. लोकांना ओळखीचा एकच कर्कश आवाज लागतो, तो वाजला की पाय उचलतात. शिवाय पाचही आवाज बरे, पण जीव ओवाळून टाकावा असा एकही नाही. हे मी मामांना सांगितलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा कुरुंद्याच्या लग्नात मात्र कहर झाला. नाच ऐन भरात असताना मामा आले आणि त्यांनी बटन चारवर नेलं. आवाज एकदम जाड झाला, नाचणारे थबकले. नवरदेवाचा काका ओरडला, "गिटारीला सर्दी झाली काय?"

जेवणं झाल्यावर मी भडकलोच. "मामा, उद्या हे काढून टाका. माझी पुढची सुपारी जाईल."

मामा बोटाभोवती वायरचा तुकडा गुंडाळत राहिले. "काढतो. पण तुझ्या मामीचे कान गेले रे. बारीक आवाज तिला कळतच न्हाई. लग्नात समदे हसून राहतात, अन् ती नुसती तोंडाकडं पाहत बसते. वेढे भरून भरून हा चार नंबर सापडला. एवढाच तिला कळतो. म्हणून मागं लागलो सगळ्यांच्या. कोन्त्याबी लग्नाला गेली, तरी एखादं गाणं तिला ऐकू यावं."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं मी त्यांना जाहिरातबाज समजत होतो.

पाठवणीचं गाणं आलं तेव्हा मी स्वतःच बटन चारवर नेलं. पहिल्या रांगेत मामी होत्या. त्यांनी चमकून मान वर केली आणि त्यांची बोटं मांडीवर ताल धरू लागली. मामा सवयीने स्टेजच्या पायरीपर्यंत आले होते. त्यांनी बटनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागे वळले आणि मामींच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.