माईंची हौदातली अंगणवाडी

आमच्या शेजारच्या सुमनमाईंच्या घरात अंड्याला उंबरा ओलांडायची परवानगी नाही. तरी रोज सकाळी अंगणातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, माई स्वतः अंडी उकडतात. पिवळा बलक पाण्यात कालवून जुन्या साडीच्या फडक्यातून हौदात गाळतात आणि वाकून ओरडतात, "ढकलाढकली न्हाई करायची! सगळ्यांना भेटंल!"

हौदात असतात माशांची पिल्लं. इतकी बारीक की त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात. अंबड तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावात हे खूळ माईंच्याच डोक्यात यायचं! जन्मभर अंगणवाडी चालवली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. दुबळं पिल्लू दिसलं की ते 'कुपोषित'. हौदात बेडूक शिरला की, "ह्याचं नाव कुणी घातलं?" त्यांचे यजमान नाना म्हणायचे, "आता पोलिओचा डोस तेवढा राह्यला."

पहिल्या खेपेला माईंनी पेंडीचा भुगा मुठीमुठीनं ओतला. मी म्हणालो, "माई, पाणी नासंल."

"मंग काय, उपाशी ठेवू लेकरांना?"

पाणी नासलं. एका सकाळी सगळी पिल्लं वर तरंगत होती. माईंनी ती कुणाला फेकू दिली नाहीत, लिंबाखाली खड्डा करून पुरली. त्या दिवशी नानांनी एकही विनोद केला नाही.

मग माई जालन्याला गेल्या आणि माशांचं बीज विकणाऱ्याला गाठून विचारून आल्या. "तोंड सुईच्या टोकाएवढं असतं म्हणे. बारीक द्या, थोडंथोडं द्या. मी म्हणलं, लेकरं जेवू घालायचं मला शिकवून राह्यला का? पण बराबर हाय त्याचं." अंडी आली ती तेव्हापासून.

दुसरी खेप जगली, बोटाएवढी झाली. तळ्यांत सोडायला मासे नेणारा व्यापारी गाडी घेऊन आला. माईंनी जाळीतून लहानखुरे मासे वेचून परत हौदात टाकले.

"बाई, हे काय कामाचे?"

"कामाचे न्हाईत, म्हणून तर ठेवून राह्यले. अन् गाडी जल्दी नको चालवू."

गाडी गेली. माई हौदाच्या कठड्यावर बसल्या. मी विचारलं, "हे मोठे झाले की विकणार ना?"

"बघू." त्यांनी पाण्यात बोट बुडवलं. "पोरं पहिलीत गेली की अंगणवाडी खायला उठायची. पण मंग नवी यायची. आता कोण येतंय? राहू दे हे थोडे. घरात आम्ही दोघंच हाव."

नाना दारातून ऐकत होते. ते आले आणि माईंशेजारी कठड्यावर बसले.