व्हर्डाबाईंचा निळा झेंडा

इतिहासाचं जतन हे माणसाचं सर्वांत पवित्र कर्तव्य आहे, असं हेमलॉक रन रेल्वेच्या स्टेशनावर पितळी अक्षरांत कोरलेलं होतं. त्याच पाटीवर खाली बाण काढून स्वच्छतागृहाची दिशा दाखवली होती. दोन्ही खाती व्हर्डा हॉस्टेटर यांच्याकडे होती, आणि दोन्ही बिनपगारी.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातली ही कोळशाची लाइन बंद पडून जमाना झाला. आता सुटीच्या दिवशी हौशी मंडळी तिच्यावर इंजिन चालवत, आणि निवृत्त शिक्षिका व्हर्डाबाई बाजूच्या रुळावरच्या गार्डाच्या जुन्या डब्यात तिचा इतिहास सांभाळत: कंदील, फोटो आणि केव्हाच वारलेल्या ब्रेकवाल्यांचे आवाज भरलेल्या फिती. त्यातल्या एकाने सगळी फीत साहेबांना शिव्या देण्यात संपवली होती. बाईंच्या मते तोच सर्वांत विश्वासार्ह.

त्या शनिवारी समितीचा अध्यक्ष मर्ल डीट्झ हात चोळत डब्याशी आला.

"बाई, नाताळात हा डबा सांताच्या गाडीला जोडायचाय. तुमचं सामान मागच्या शेडमध्ये टाकू."

"शेडला छप्पर आहे का रे?"

"अर्धं आहे."

"मग अर्धाच इतिहास ने. बाकीचा अर्धा भिजवायला मी जन्म घालवला नाही."

मर्ल चौथीत बाईंच्याच वर्गात होता. अजूनही त्यांच्यासमोर त्याला बसून बोलता येत नसे. "ठराव झालाय बाई," तो उभ्याउभ्याच पुटपुटला. "दुपारी इंजिन येईल."

बाईंनी वाद घातला नाही. इंजिन येणार त्या बाजूला, डब्यापुढे त्यांनी निळा झेंडा रोवला आणि आत जाऊन कॉफीचा थर्मास उघडला.

रेल्वेच्या नियमात निळा झेंडा म्हणजे डब्याशी माणूस कामाला आहे. डबा हलवायचा नाही, त्याला इंजिन लावायचं नाही, आणि ज्याने झेंडा लावला त्यानेच तो काढायचा. बायबलवरून भांडून गावात तीन चर्चं झाली होती. निळ्या झेंड्यावरून कोणी कधी ब्र काढला नव्हता.

इंजिन आलं. ड्रायव्हर रॉस्कोने झेंडा पाहिला, ब्रेक दाबला आणि सँडविच काढलं.

"अरे, आत काही काम चाललेलं नाहीये!" मर्ल ओरडला.

"नसेल. झेंडा आहे."

"बाई, तुम्ही आत नक्की काय काम करताय?"

"निषेध!" आतून उत्तर आलं.

"मग तू काढ ना तो, रॉस्को!"

"मी? माझे ब्रेकवाले आजोबा थडग्यातून उठून मला बडवतील."

तेवढ्यात सांताच्या गाडीची तालीम बघायला पोरंबाळं घेऊन लोक जमले. गर्दी पाहून बाईंनी खिडकी उघडली, कर्णा बाहेर काढला आणि शिव्यांची फीत लावली. पोरं खूश झाली. आया कान झाकू लागल्या. स्वतःचे नाही, पोरांचे. दाढी लावलेला सांता हसता हसता खाली बसला.

"बंद करा बाई! ठराव रद्द!" मर्लने हात जोडले. "डबा इथेच, इतिहास आतच! लिहून देतो!"

"शुद्धलेखन तपासून दे."

टाळ्यांच्या गजरात बाई खाली उतरल्या. आपला झेंडा उपटून, खांद्यावर टाकून त्यांनी डब्याला एक विजयी फेरी मारली. मागच्या अंगाला, झुडपात, आणखी एक निळा झेंडा उभा होता. त्याच्यावर क्लेटन झुक मिस्त्रीचं नाव होतं.

क्लेटन ऑक्टोबरात डब्याचे ब्रेक खोलायला आला होता. हिवाळाभर तो फ्लोरिडात असतो. झेंडा काढायला एप्रिलमध्येच येईल.