हर्षालीच्या मांडीतला पाटकरी

वनरक्षक भरतीच्या चालण्याच्या परीक्षेत, अर्ध्या वाटेवर, हर्षाली येडगेच्या मांड्यांतलं हिस्टामिन बाहेर आलं आणि बांधावर जाऊन बसलं.

दिसायला ते कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखंच होतं. खांद्यावर फावडं, कपाळावर आठ्या. कामही तेच. स्नायू दमू लागले की रक्ताचे पाट फोडायचे आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत भिजवायचं. ते उठून गेलं आणि हर्षालीचे पाय धोंड्यासारखे झाले. कामावरचा माणूस म्हणून तिनं अहो-जाहो केलं.

"अहो, निघालात कुठं?"

"काम बंद. सकाळी सर्दीची गोळी घेतलीस ना?"

घेतली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाजर गवत माजलेलं, आणि त्याच्या वाऱ्यानं पोरगी शिंकून बेजार व्हायची. म्हणून आईनंच दिली होती.

"ती नाकासाठी होती! तुमचा काय संबंध?"

"वा गं शहाणे! नाकातही मीच आणि मांडीतही मीच. तिथं तोंडावर दार लावायचं आणि इथं पाट फोड म्हणायचं? कामापुरता मामा होय?"

हर्षालीला रडू फुटायचं बाकी होतं. ही शेवटची भरती. पुढच्या वेळी ती वयात बसणार नव्हती.

तेवढ्यात परीक्षक डोईफोडेसाहेबांची जीप आली.

"हे कोण?"

"माझं हिस्टामिन, साहेब."

"बाहेरची मदत चालत नाही. शेवटच्या झेंड्याशी पोचताना ते अंगात पाहिजे. नाहीतर उमेदवार बाद."

"मदत कसली साहेब, नुसतं बसलंय की!"

"बसलेलंही चालत नाही," साहेब शांतपणे म्हणाले आणि जीप झेंड्याकडे गेली.

मागच्या पोरी एकेक करून पुढं निघाल्या. हर्षालीनं डोळे पुसले. "बोला, काय करू?"

"गोळी काढ. आणि नाकातलं काम मला पुरतं करू दे."

"करा. पण झेंड्याआधी फावडं टाकलंत तर याद राखा!"

ती पाय ओढत गाजर गवतात शिरली, दोन्ही हातांनी झुडूप धरलं आणि त्यात तोंड खुपसलं. शिंक काही येईना. "ये की गं बाई," ती ओरडली आणि पुन्हा हुंगू लागली. शेवटी आली ती अशी, की रानातले होले उडाले. गोळी अख्खीच्या अख्खी रस्त्यावर पडली. हिस्टामिननं फावड्याची माती झटकली आणि ते आत गेलं. मांड्यांत ऊब पसरली.

मग ती शिंकत निघाली. डोळे सुजले, नाक वाहिलं, पण पाय थांबले नाहीत. पुढं गेलेल्या दोघी-तिघींना तिनं मागं टाकलं आणि वेळेत झेंडा गाठला. "पास," साहेब म्हणाले. ते टेकाडावरच्या मंडपाकडे निघाले आणि चार पावलांत धापा टाकत थांबले.

जीपच्या सावलीत आणखी एक पाटकरी बसला होता. फावडं गंजलेलं.

"कुणाचे तुम्ही?" हर्षालीनं विचारलं.

"साहेबांचं हिस्टामिन. रोज गोळी घेऊन फार निगुतीनं ठेवतात हो नाक."

हर्षालीनं ओंजळभर गाजर गवत उपटलं आणि साहेबांपुढं धरलं.

"घ्या साहेब."

साहेबांनी इकडं-तिकडं पाहिलं, मग टोपी काढून तिच्या हातात दिली आणि वाकले.