सुरक्षित बालक प्रमाणपत्र

बालवर्गातील मुलांना ऑनलाइन सुरक्षिततेचे शिक्षण खेळातून द्यावे, असे परिपत्रक आमच्या मुलीच्या शाळेत आले आणि शाळेने ते मनावर घेतले. आमची गुंडी पाच वर्षांची. 'सुरक्षित बालक' प्रमाणपत्राशिवाय पहिलीत प्रवेश नाही, असेही त्याच परिपत्रकात होते. त्यामुळे आम्हीसुद्धा ते मनावर घेतले.

खेळ सोपा होता. बाई पुठ्ठ्याच्या मोबाइलमागे कोल्हा होऊन बसत आणि गोड आवाजात नाव, पत्ता, जन्मतारीख, आईचा नंबर विचारत. मुलांनी एका सुरात म्हणायचे, "नाही सांगणार." गुंडीला हा खेळ इतका आवडला की घरी आजीने 'जेवलीस का' विचारले तरी तिला तेच उत्तर मिळे.

अडचण आली ती पुराव्याची. मुले शिकली हे वरच्या कार्यालयाला कळणार कसे? म्हणून प्रत्येक मुलाचा व्हिडिओ संकेतस्थळावर चढवायचे ठरले. नमुना वरूनच आला होता. मुलाने कॅमेऱ्यासमोर नाव, पत्ता, जन्मतारीख व आईचा नंबर स्पष्ट उच्चारांत सांगावा आणि शेवटी म्हणावे, "ही माहिती मी कोणालाही सांगणार नाही."

एकोणतीस मुलांनी घडाघडा सांगितले. गुंडी कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "नाही सांगणार."

तिला 'अप्रगत' असा शेरा मिळाला आणि मला शाळेत बोलावणे आले.

"मुलगी हुशार आहे हो," बाई ओशाळून म्हणाल्या, "पण शिकवलेलं कुठे वापरायचं नाही, हे तिला कळत नाही."

"बाई, तुम्हीच शिकवलंत ना तिला?"

"शिकवलं ते बरोबरच आहे. पण रकान्यात 'नाही सांगणार' कसं भरू? कॉम्प्युटर पुढेच जात नाही."

मी स्वतः कारकून आहे. रकाना रिकामा राहिल्याचे दुःख मला कळते. मी गुंडीसमोर उकिडवा बसलो. "बाळा, सांग बघू. सांगितलंस तर फुगा देईन."

"बाबा, कोल्हापण असंच म्हणतो."

खरे सांगतो, त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. पण पहिलीचा प्रवेश अभिमानावर मिळत नाही. तीन आठवडे रोज तासभर तिचा उपचारात्मक वर्ग झाला. विचारील त्याला सगळे सांगायचे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. चौथ्या सोमवारी गुंडी न अडखळता सगळे बोलली. आजी दुपारी घरात एकटीच असते, ही माहिती तिने आपणहून जोडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

प्रमाणपत्र मिळाले, प्रवेशही पक्का झाला. आता तिचा व्हिडिओ 'आदर्श सुरक्षित बालक' स्पर्धेत आहे. मी त्याची लिंक सगळ्या ग्रुपांवर पाठवली, तुम्हालाही पाठवली. मत देण्यासाठी तिथे आपले नाव, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड भरावा लागतो. आतापर्यंत अकराशे मते पडली आहेत. ही स्पर्धा भरवते कोण, हे विचारायला मला एकाचाही फोन आला नाही. तुमचाही नाही.