सिद्रामप्पांची राखण

गाडीला कुलूप लावून तुम्ही दोन पावलं टाकता न टाकता तोच मागून आवाज यायचा, "थांबा जरा." वळून बघावं तर खाकी कोट घातलेला एक उंच, वाळका म्हातारा तुमच्या कुलपाला हिसके देत उभा असायचा. एक, दोन, तीन. कुलूप निघायचं नाही. तरी त्याच्या चेहऱ्यावर समाधान म्हणून दिसायचं नाही. तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघत तो म्हणायचा, "कुलूप म्हणजे नुसती समजूत असती बघा. हे चोराला ठाऊक असतंय, तुमाला न्हाय."

एवढं ऐकल्यावर आत जाऊन निवांतपणे लुगडं निवडणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

हे आमचे सिद्रामप्पा. नव्या पेठेतल्या एका मोठ्या कापडदुकानात मी तेव्हा साड्यांच्या विभागात होतो आणि दुकानामागच्या आवारात गाड्या राखायला अप्पा होते. डोक्याला पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात वेताची छडी. मिलच्या गेटावर कामगारांची झडती घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, झडती झालेली आणि झडती व्हायची राहिलेली.

त्यांना ठेवायची वेळ का आली तेही सांगतो. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि दुष्काळात अडकलेली लग्नं एकदम निघाली होती. मंद्रूप, अक्कलकोट, पार श्रीपूरपासून माणसं बस्त्याला यायची. आवारात सायकली, स्कूटरी, जीपा, क्वचित एखादी अ‍ॅम्बॅसिडर. अशा ऐन गर्दीत गाड्या फुटायला लागल्या. आधी एका मास्तरांच्या स्कूटरची डिकी उचकटून दोन शर्टपीस गेले. मग एका जीपची ताडपत्री कापून चादरींचं गाठोडं गेलं. तिसऱ्या खेपेला मोटारीची काच फोडून कुणीतरी आहेराची बॅग लांबवली, तीसुद्धा भर दुपारी, आत पन्नास माणसं असताना. ती बॅग ज्या बाईंची होती त्या पायरीवर बसल्या आणि बॅगेत काय काय होतं ते बोटांवर मोजत राहिल्या. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग गिऱ्हाइकांचं बोलणंच बदललं. "इरकल मागनं दाखवा, गाडी कुटं लावायची ते आदी सांगा." बायका आत यायच्या आणि नवरे स्कूटरवर ठाण मांडून बसायचे. बरं, नवऱ्याला विचारल्याशिवाय साडी पसंत व्हायची नाही. मग मी खांद्यावर पाच साड्या टाकून उन्हात जायचो, स्कूटरवरच्या साहेबांना पदर उलगडून दाखवायचो आणि त्यांची नापसंती घेऊन जिना चढायचो. असं महिनाभर चाललं. शेवटी मालकांनी अप्पांना आणलं.

अप्पा आले आणि चोऱ्या थांबल्या. भीती मात्र वाढली.

कारण अप्पा नुसतं राखत नसत, ते माणसं तयार करत. "गाडीत काय ठिवलंय?" हा पहिला प्रश्न. "काही नाही," असं कुणी म्हटलं की अप्पांचे डोळे बारीक व्हायचे. "काय न्हाय म्हणणाऱ्याच्याच गाडीत असतंय की." मग ते सीटखाली हात घालायचे आणि एखादी छत्री नाहीतर धपाट्यांचा डबा बाहेर काढून मालकाच्या तोंडासमोर धरायचे. "हे गेलं असतं." माणूस गांगरून डबा काखोटीला मारायचा आणि तो घेऊनच शालू बघायला वर यायचा.

शिवाय त्यांच्याकडे चोरांच्या कथा होत्या. कंबरेत वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ते सांगायचे. एक चोर केसातल्या आकड्यानं मोटार उघडायचा. एक नवरदेवाच्या वेशात, मुंडावळ्या बांधून यायचा, त्यामुळे सगळे त्याला वाट द्यायचे. एक तर म्हणे तुमच्याशी बोलत उभा राहायचा आणि बोलता बोलता तुमची डिकी रिकामी व्हायची. "दिसायला कसा असायचा?" असं एका हेडमास्तरांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "तुमच्यासारखाच की." ते हेडमास्तर विजारीचं माप देताना तीनदा खाली जाऊन आले, तिसऱ्यांदा गळ्यात टेप तसाच लोंबत होता.

मी हसायचो, पण खरं सांगतो, मलाही ते लागलं होतं. माझ्याकडे एक जुनी सायकल, तिच्या मागे डबा. तरी साडीची घडी घालता घालता मी मागच्या खिडकीतून डोकवायचो. घरी बायको म्हणाली, "अहो, दाराची कडी चार वेळा काय बघताय?"

अप्पांचं आवडतं वाक्य एकच. "मुकी गाडी चोराची, बोलती गाडी मालकाची." म्हणजे काय, तर गाडीत माणूस बसवून जा. लोक ऐकायला लागले. कुणी आत्याला बसवायचं, कुणी आजोबांना. आवारात प्रत्येक जीपमध्ये एक म्हातारं माणूस चिंचेतल्या चिंचोक्यासारखं चिकटून बसलेलं. अप्पा छडी घेऊन त्यांच्यातून हिंडायचे, "शाबास" म्हणायचे. फौज तपासणाऱ्या सुभेदारासारखे दिसायचे.

आणि मग वैशाखातला तो दिवस आला.

मंद्रूपचे शरणप्पा म्हणून एक बागायतदार मुलीच्या बस्त्याला अ‍ॅम्बॅसिडर घेऊन आले. बरोबर बायको, मुलगी आणि त्यांची आई गौरव्वा. म्हातारी पंचाहत्तरीची, बारीक चणीची. मोटारीत बसायची तिची दुसरी का तिसरी वेळ. शरणप्पांनी आधी एका दुकानात भांडी घेतली होती, ती मागच्या सीटवर होती. अप्पांनी नेहमीचं सांगितलं. शरणप्पा म्हणाले, "आई, तू हितं बस. गाडी राख." काचा वर घेतल्या, दारं लावली, किल्ली खिशात टाकली आणि वर आले. दुपारचे दोन वाजले होते. सोलापूरचं वैशाखातलं ऊन मी काय सांगू. आवारातली कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत जाऊन पडायची.

मुलीला शालू पसंत पडेना. हिरवा काढला, जांभळा काढला. मध्ये सरबत झालं. मी एकदा विचारलंही, "आजी नाही आल्या वर?" शरणप्पा म्हणाले, "बसलीय की गाडीत. अप्पा हायत तितं." मीही पुढचा शालू उलगडला. तास होऊन गेला.

आणि मागून खळ्ळकन काच फुटल्याचा आवाज आला.

ज्याची महिनाभर वाट बघत होतो ते आलं, असंच प्रत्येकाला वाटलं. आम्ही सात-आठ पुरुष जिन्याशी धावलो आणि तिथं एकमेकांना पुढे जायची वाट देत थांबलो. एरवी इतकी अदब आमच्यात नव्हती. माझ्या हातात कापड मोजायची लोखंडी पट्टी होती. शेवटी मागच्यांनी ढकललं म्हणून आम्ही खाली पोचलो.

बघतो तर अ‍ॅम्बॅसिडरच्या फुटक्या खिडकीत खांद्यापर्यंत हात घातलेला माणूस म्हणजे आमचे अप्पा. हातातून रक्त वाहत होतं. एका गिऱ्हाइकानं धावत जाऊन त्यांची मानगूट धरली. "राखणदारच चोर निघाला," कुणीतरी म्हणालं. अप्पांनी सोडवून घ्यायचासुद्धा प्रयत्न केला नाही. ते आतला खटका चाचपत होते आणि एवढंच म्हणत होते, "दार. अव्वा आत हाय. दार."

शरणप्पांना किल्ली लावता येईना. तेवढ्यात अप्पांच्या हाताला लागून आतला खटका निघाला. गौरव्वा भांड्यांच्या पिंपाला टेकून एका अंगावर कलंडली होती. तोंड कोरडं, ओठ काळेनिळे, डोळे अर्धे उघडे. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. मला वाटलं, गेली.

आम्ही तिला आवारातल्या कडुलिंबाखाली आणून निजवलं. अप्पांनी डोक्यावरचा पटका सोडला, रांजणात बुडवला आणि तिच्या डोक्यावर, छातीवर धरला. परत बुडवला, परत धरला. पाण्यात त्यांचं रक्त मिसळत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. ते तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होते, हळू आवाजात, लहान मुलाला उठवावं तसं. कोपऱ्यावरचे डॉक्टर धावत आले. बराच वेळ गेल्यावर म्हातारीची बोटं हलली. तिनं ताक मागितलं.

डॉक्टर बाजूला येऊन म्हणाले, "अजून थोडा वेळ गेला असता तर मला बोलावायचं कारण उरलं नसतं."

दुसऱ्या दिवशी अप्पा आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. मालक म्हणाले, हाताला टाके पडलेत, येतील. आठवडा झाला तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. विणकरांच्या वस्तीत एक खोली होती, सगळीकडून मागांचा खडखडाट. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. पटका नसल्यामुळे एकदम लहान दिसले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "इंगळे, दोनदा टकटक केली तिनं."

"कुणी?"

"अव्वानं. मी गाडीवरनं दोनदा गेलो. दोनदा काचंवर टकटक केली. मला वाटलं, ‘मी राखालीय’ असं सांगालीय. मी हात वर केला आणि म्हटलं, शाबास." त्यांनी टाके पडलेल्या हाताकडे बघितलं. "तिसऱ्या खेपेला टकटक न्हाय आली."

बाहेर माग चालूच होते. "वाचल्या ना त्या," मी म्हणालो.

"तुमी बगितलं का जाऊन?"

मी बघितलं नव्हतं. म्हणून मग त्याच दिवशी आम्ही दोघं एसटीनं मंद्रूपला गेलो. तिथं उतरल्यावर अप्पा स्टँडवरच उभे राहिले. मला म्हणाले, "तुमी फुडं व्हा. मी हितं थांबतो." मी त्यांना दंडाला धरून नेलं. मलाही भीती वाटत होती, शरणप्पा काय म्हणतील याची.

शरणप्पा आम्हाला बघून उभे राहिले आणि त्यांची मान खाली गेली. "मी आईला कोंडून गेलो," ते म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून," अप्पा म्हणाले.

"किल्ली माज्या खिशात व्हती की."

"अन् डोळे मला व्हते."

असं ते बराच वेळ चाललं असतं. पण आतून गौरव्वा काठी टेकत आली. "दोगंबी गप बसा. भाकरी गार व्हालीय," ती म्हणाली. आम्हाला पाटावर बसवलं, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. मग अप्पांसमोर बसून त्यांच्या हाताची पट्टी बघितली.

अप्पांनी घास हातात तसाच धरला होता. "अव्वा, वरडली का न्हाईस गं? जोरात वरडली असतीस तर मी आलो असतो."

गौरव्वानं चटणी त्यांच्याकडे सरकवली. "पोरगं म्हणालं, गाडी राख," ती म्हणाली. "आता मला कोण काय काम सांगत न्हाय, तम्मा. सून म्हणती, तुमी बसा. नात म्हणती, तुमी बसा. लई दिवसांनी काम सांगितलं कुणीतरी. मदीच वरडून बाहीर आले असते तर परत कुणी सांगितलं असतं का?"

शरणप्पा उठून अंगणात गेले.

अप्पांनी घास ताटात ठेवला. आणि मग ते कन्नडमध्ये बोलायला लागले. सोलापुरात दुकानदारी करायची म्हणजे कन्नड थोडंफार कळतंच, तेवढं मला कळलं. ते सांगत होते, चोर मी आल्यावर पहिल्याच पंधरवड्यात थांबले. मला ठाऊक होतं. पण लोकांची भीती गेली असती तर मालकांनी मला घरी पाठवलं असतं. घरी कुणी नाही. बायको गेली, मूल नाही. मिलमध्ये निदान दोन हजार माणसं रोज माझ्यासमोरून जायची. म्हणून मी चोर जिवंत ठेवले. नवरदेवाच्या वेशातला चोर माझाच, आकड्याचाही माझाच.

सांगून झाल्यावर ते ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारी आता रागावेल. रागवायचा तिला हक्क होता.

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "ऊटा माड, तम्मा," ती म्हणाली. जेव, बाळा. मग म्हणाली, "लगीन तोंडावर आलंय. कुरडया घातल्यात, सांडगे घातल्यात, अंगणभर. कावळे लई हायत. मला एकलीला व्हत न्हाय. पुढच्या सुट्टीला येशील का?"

अप्पांनी मान डोलावली आणि भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर यायला लागले. गाडीवाल्यांना "काचा खाली ठिवा" एवढंच सांगायचे, आणि गाडीत कुणी म्हातारं दिसलं की दार उघडून त्याला लिंबाखाली आणून बसवायचे. चोरांच्या कथा बंद झाल्या. पावसाळ्याच्या तोंडाला एका सायकलची पिशवी गेली तेव्हा मालक त्यांच्यावर ओरडले. अप्पांनी ऐकून घेतलं. मालकांनी त्यांना काढलं मात्र नाही.

आणि पुढच्या सुट्टीला ते मंद्रूपला गेले, एकटेच. लग्नाच्या राहिलेल्या खरेदीला शरणप्पा आले तेव्हा त्यांनी मला सांगितलं. दिवसभर अप्पा आणि आई अंगणाच्या दोन टोकांना, हातात एकेक काठी घेऊन, सावलीत बसून होते. मध्ये एकदा अप्पांना डुलकी लागली. आईनं त्यांच्या बाजूचेही कावळे हाकलले आणि सुनेला म्हणाली, भांडी वाजवू नका, माणूस निजलाय.